फिरणं इंग्रजीत लिहिताना: वॉन्डर, रोम, रॅम्बल आणि बाकीची मंडळी

इंग्रजीत ‘फिरणे’ लिहायची वेळ आली की मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांच्या हाताशी तीनच शब्द असतात: वॉक, ट्रॅव्हल आणि रोम. बोलण्यात तेवढ्यावर निभावतं. पंचाईत होते ती लिहिताना. प्रवासवर्णन असो, अनुवाद असो, नाहीतर लंडनच्या मावसबहिणीला पाठवायची साधी ईमेल, तेच तेच शब्द नकोत म्हणून आपण शब्दकोश उघडतो आणि समोर रांग उभी राहते. प्रत्येकापुढे अर्थ तोच छापलेला: भटकणे. मग त्यातला जरा वजनदार वाटेल तो उचलला जातो, आणि ‘रात्री जेवून सोसायटीत फेऱ्या मारत होतो’ एवढंच सांगायला गेलेला माणूस स्वतःला चोर ठरवून मोकळा होतो. प्राउल या शब्दानं नेमकं हेच होतं. अंधारात सावज किंवा संधी हेरत फिरणं म्हणजे प्राउल, आणि तोही कोशात ‘भटकणे’च्याच रांगेत बसलेला असतो.

हे शब्द वेगळे करायचे तर अंतर किंवा वेग मोजून फारसं हाती लागत नाही. कोण फिरतंय आणि त्याच्याकडे कोण कुठल्या नजरेनं बघतंय, यावर बरीचशी वाटणी झालेली आहे. तोच माणूस, तोच रस्ता, तीच वेळ. गच्चीतून बघणाऱ्या मैत्रिणीला तो स्ट्रोल करताना दिसेल आणि वॉचमनला लॉयटर करताना. पुढच्या पायऱ्या या नजरेचं बोट धरूनच लावल्या आहेत.

पहिली पायरी: आधी मराठीत नक्की करा

मराठीला या बाबतीत काही कमी नाही. शतपावली जेवणानंतरची. रपेट पूर्वी घोड्यावरची, आता मोटारसायकलवरची. फेरफटका मारून माणूस घरी परततो. भटकंतीला सुट्टी लागते. हुंदडतात ती पोरं, उंडारतात तीही पोरंच, पण ‘उंडारतात’ म्हणणारा चिडलेला असतो. पायपीट नाइलाजाची, वणवण त्याहून दैन्याची, आणि हेलपाटे सरकारी कचेरीत घालायचे असतात. आपल्याला यातलं नेमकं काय म्हणायचंय ते ठरल्याशिवाय इंग्रजी कोश उघडूच नये.

ठरवायला तीन प्रश्न पुरतात. कुठे जायचं ते ठरलेलं होतं का? तिथे असण्याला कुणाची हरकत होती का? आणि पाय कसे पडत होते?

उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या बातमीत ‘पाण्यासाठी वणवण’ ठरलेली. नवखा अनुवादक ‘वॉन्डरिंग फॉर वॉटर’ लिहितो. वॉन्डरमध्ये ठिकाण ठरलेलं नसतं, त्यामुळे इंग्रजी वाचकाला वाटतं की या बायकांना विहीर कुठे आहे तेच ठाऊक नाही. विहीर चांगली ठाऊक असते, ती लांब आहे ही अडचण असते. इथे ट्रज चालेल, कारण त्यात जड पावलं आणि थकवा दोन्ही आहेत. ट्रेकही चालेल. ‘वॉक माइल्स फॉर वॉटर’ हे सगळ्यात सरळ आणि बातमीला शोभणारं. हेलपाट्यांचंही तसंच. ‘दाखल्यासाठी तहसीलमध्ये हेलपाटे घातले’ यात फिरण्याचा शब्द शोधत बसू नका. एकाच कचेरीत पुन्हा पुन्हा गेला असाल तर ‘मेड सेव्हरल ट्रिप्स’, आणि या टेबलावरून त्या टेबलावर टोलवलं गेलं असेल तर ‘सेंट फ्रॉम पिलर टु पोस्ट’ हा इंग्रजीतला तयार वाक्प्रचार आहे.

दुसरी पायरी: वॉन्डर आणि रोम नीट पक्के करा

उच्चारापासून सुरुवात करू, कारण इथे बरेच जण ठेचकाळतात. भटकण्याचा शब्द ‘ए’ घालून लिहितात आणि ‘वॉन्डर’ म्हणतात. आश्चर्याचा ‘ओ’ घालून लिहितात आणि ‘वंडर’ म्हणतात. कान म्हणतो उलटं असायला हवं. पण डब्ल्यूनंतर ए आला की इंग्रजी त्याचा बहुधा ‘ऑ’ करते: वॉश, वॉच, वॉन्ट, स्वॉन. ही चौकडी लक्षात ठेवली की वॉन्डर आपोआप जागेवर बसतो.

वॉन्डर हा या कुळातला सगळ्यात निरुपद्रवी शब्द. ठिकाण ठरलेलं नाही, घाई नाही, बघणाऱ्याला राग नाही. सुट्टीच्या दिवशी फोर्टमधल्या जुन्या इमारती बघत उगाच हिंडलात तर ‘वॉन्डर्ड अराउंड फोर्ट’. पण त्याच्या शेपटीला लागलेला छोटा शब्द बदलला की अर्थ कूस बदलतो. ‘वॉन्डर ऑफ’ म्हणजे सगळ्यांबरोबर असताना नकळत बाजूला होणं, जत्रेत मूल चुकतं तसं. ‘वॉन्डर इन’ म्हणजे न ठरवता आत शिरणं. पुस्तकांच्या दुकानात माणूस असाच शिरतो. आणि परदेशात वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करणाऱ्या मराठी मंडळींना ‘वॉन्डरिंग’ एका वेगळ्याच अर्थानं भेटतं. स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण खोलीतून, घरातून निघून जातो, त्याला तिकडे हाच शब्द आहे. रुग्णाच्या कागदावर ‘वॉन्डर्स’ लिहिलेलं दिसलं तर त्याला फिरायची आवड आहे असं समजू नये. दाराकडे लक्ष ठेवायचं आहे.

रोमचं गणित निराळं. त्यात प्रदेश मोठा असतो आणि कुंपण नसतं. गुरं रोम करतात, हत्तींचे कळप रोम करतात, गुंडांच्या टोळ्या रोम करतात. मोबाइलचं रोमिंगही इथूनच आलं: आपल्या कंपनीचं क्षेत्र सोडून दुसऱ्याच्या रानात गेलेला फोन. वाक्यरचनाही वेगळी आहे. वॉन्डरला सहसा ‘अराउंड’, ‘थ्रू’ असं काहीतरी जोडावं लागतं. रोम मात्र थेट जागेलाच पकडतो: ‘रोम द स्ट्रीट्स’, ‘रोम द हिल्स’.

आता आपल्याकडची सवय बघा. ‘काल काय केलंस?’ ‘काही नाही, मित्रांबरोबर फिरत होतो.’ याचं इंग्रजी भारतभर ‘आय वॉज रोमिंग विथ माय फ्रेंड्स’ असं होतं. भारतात सगळ्यांना कळतं, त्यामुळे आपसात बोलताना त्यात काही बिघडत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर मोकाट सुटलेली टोळी येते. त्याला सांगायचं असेल तर ‘आउट विथ फ्रेंड्स’ किंवा ‘हँगिंग आउट’ पुरेसं आहे. ‘वी रोम्ड इन गोवा फॉर थ्री डेज’ हेही तसंच. तिथे ‘ट्रॅव्हल्ड अराउंड गोवा’ म्हणा, आणि ठरावीक स्थळं बघितली असतील तर ‘वेंट साइटसीइंग’.

तिसरी पायरी: रॅम्बल समजून घ्या, म्हणजे कोशावरचा आंधळा विश्वास जाईल

जरा थांबून बघावा असा हा शब्द आहे. इंग्रजी-मराठी कोशात रॅम्बलपुढे ‘स्वैर भटकणे’ असं काहीतरी असतं. कोश खोटं बोलत नाही, पण ब्रिटनमधला प्रत्यक्षातला रॅम्बलर बघितलात तर स्वैरपणा शोधावा लागेल. रविवारी सकाळी पायात चिखलाचे बूट, गळ्यात ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा, पिशवीत थर्मास, आणि परतीची बस किती वाजता आहे ते तोंडपाठ. सोबत दहा-पंधरा जणांचा गट, त्याला एक म्होरक्या. शेतांमधून जाणाऱ्या पायवाटेवर ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी असते, तिथून ही मंडळी रांगेनं जातात आणि गुरांसाठीचं फाटक मागच्या माणसानं लावून घ्यायचं असा दंडक असतो. यात निरुद्देश एवढंच की चालण्यातून काही कमवायचं नाही.

हे असं का झालं? औद्योगिक क्रांतीनंतर मँचेस्टर, शेफील्डसारख्या शहरांतल्या कामगारांना रविवार हा एकच दिवस मोकळा मिळे. जवळच डार्बीशरचे माळ आणि डोंगर होते, पण त्यातले कितीतरी जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकारानं काहीशे जण किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम, परवानगीशिवाय चढले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. 1935 मध्ये रॅम्बलर्स असोसिएशन स्थापन झाली. 1951 मध्ये त्याच परिसरात ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, पीक डिस्ट्रिक्ट. आणि 2000 साली इंग्लंड-वेल्समध्ये कायदा होऊन डोंगर, माळरान आणि नोंदलेल्या सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला.

या हक्काला तिकडे म्हणतात ‘राइट टु रोम’. इथे वॉन्डर किंवा रॅम्बल का नाही, हे दुसऱ्या पायरीवरून कळायला हवं. पायवाटेवरून जाण्याचा हक्क आधीपासून होताच. नवं मिळालं ते वाट सोडून प्रदेशभर हिंडण्याचं स्वातंत्र्य, आणि कुंपण नसलेल्या प्रदेशाचा शब्द रोम हा आहे. रॅम्बल मात्र त्या चळवळीनं असा काही आपलासा केला की ब्रिटनमध्ये तो आज छंदाचं नाव आहे. अमेरिकेत त्या अर्थानं तो फारसा चालत नाही, तिथे हाइक म्हणतात.

म्हणजे शब्दाचा कोशातला अर्थ आणि गावातला अर्थ दोन्ही बघायचे. मँचेस्टरच्या सहकाऱ्यानं ‘शनिवारी रॅम्बलला येतोस का?’ विचारलं तर चपला घालून जाऊ नका.

मधेच: जे शब्द आपण आधीच मराठी करून टाकलेत

ट्रेक, पिकनिक, टूर, ट्रॅव्हल्स. हे आपण रोज वापरतो, आणि म्हणूनच ते परत इंग्रजीत नेताना घात करतात.

सिंहगड सकाळी चढून, वर पिठलं-भाकरी आणि दही खाऊन दुपारपर्यंत घरी आलो, तरी मराठीत तो ट्रेकच. इंग्रजीत एवढ्याला हाइक किंवा नुसतं वॉक म्हणतील. ट्रेक हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ ओढणे, बैलगाडी ओढत नेणे. 1830 च्या दशकात ते लोक गाडे घेऊन केप वसाहतीतून आत सरकले, त्याला ग्रेट ट्रेक म्हणतात. तेव्हापासून त्यात लांबचा पल्ला आणि खडतरपणा मुरलेला आहे. राजगडावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तोरण्यावर गेलात तर बिनधास्त ट्रेक लिहा. गंमत म्हणजे ब्रिटिश माणूस स्टेशन जरा लांब असलं तरी कुरकुरत ‘इट्स अ बिट ऑफ अ ट्रेक’ म्हणतो, पण ती अतिशयोक्ती असते आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

पिकनिक म्हणजे इंग्रजीत गवतावर चादर पसरून, घरून आणलेलं खाणं. लोणावळ्याला हॉटेलात दोन दिवस राहिलात तर ती ट्रिप. ट्रॅव्हल हे एक-दोन असं मोजत नाहीत, म्हणून ‘अ ट्रॅव्हल’ चूक. ट्रिप आणि जर्नी मोजता येतात. आणि ‘मी ट्रॅव्हल्सनं आलो’ हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर खाजगी बस कुणाला दिसणार नाही. तिकडे ‘माय ट्रॅव्हल्स’ म्हणजे आपली मुशाफिरी.

वारीला ट्रेक म्हणू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण इंग्रजी मजकुरात ते अधूनमधून दिसतं. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटरचं, चालही कष्टाची, पण चालणारा पंढरीला जातोय. पिलग्रिमेज हाच शब्द.

चौथी पायरी: पाय कसे पडतात

हे झटपट करू. स्ट्रोल म्हणजे निवांत फेरफटका, बहुधा चांगल्या हवेत आणि चांगल्या कपड्यांत. मरीन ड्राइव्हवरची संध्याकाळ. अँबल त्याहून सैल, घोड्याच्या संथ चालीवरून आलेला. सॉन्टरमध्ये थोडा रुबाब असतो: वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर खिशात हात घालून आत येतो तो मुलगा सॉन्टर करतो, आणि शिक्षकाचं डोकं फिरतं ते उशिरामुळे कमी, त्या चालीमुळे जास्त. डॉडल म्हणजे रेंगाळणं, शाळेत जाताना मुलं करतात ते. ट्रज मघाशी आलाच. ट्रेप्समध्ये कंटाळा आणि कुरकुर: दुसऱ्याच्या खरेदीत मागे मागे फिरणारा नवरा.

सॉन्टरबद्दल एक गोष्ट समाजमाध्यमांवर सतत फिरते. म्हणे मध्ययुगात पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या फ्रेंच शब्दांवरून तो आला. ऐकायला छान आहे, पण व्युत्पत्तीचे अभ्यासक ती मानत नाहीत; शब्दाचं मूळ पक्कं सापडलेलं नाही. फोटोखाली लिहायला ही कथा वापरण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

वॉन्डरलस्ट हा शब्दही असाच फोटोंखाली मिरवतो. जर्मनमधून आलेला. त्यातल्या ‘लस्ट’ला इंग्रजी अर्थानं बघून दचकू नका, जर्मनमध्ये तो आवड, ओढ अशा अर्थाचा आहे. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला वॉन्डरलस्ट असते. फक्त आता तो इतका झिजलाय की लेखाच्या शीर्षकात टाळावा.

पाचवी पायरी: संशयाचे आणि रागाचे शब्द

इथे हात जपून घाला. या शब्दांत बोलणाऱ्याचा निवाडा आधीच झालेला असतो.

लॉयटर म्हणजे काम नसताना एका जागी घुटमळणं. आपल्या ‘घुटमळणे’त संकोच असतो, कुणीतरी दारात घुटमळतं कारण आत यायला धजत नाही. लॉयटरमध्ये संकोच नाही, संशय आहे. ‘नो लॉयटरिंग’ अशा पाट्या दुकानांबाहेर असतात. इंग्लंडच्या 1959 च्या स्ट्रीट ऑफेन्सेस ॲक्टमध्ये वेश्याव्यवसायासाठी रस्त्यावर थांबणं हा गुन्हा ठरवताना हाच शब्द वापरला आहे. म्हणून मुंबईत स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी तो मुद्दाम उचलला: पुरुष पानाच्या टपरीवर तासन्‌तास उभा राहतो, त्याला कुणी विचारत नाही, बाईनं कामाशिवाय रस्त्यावर थांबण्याचा हक्क मागायचा तर लॉयटर करण्याचाच हक्क मागायला हवा. स्ट्रोलचा हक्क मागून हा मुद्दा उभा राहिला नसता.

लर्क म्हणजे दडून राहणं, दबा धरणं. प्राउल सुरुवातीलाच आला. वाघ, मांजर आणि घरफोड्या करतात तो.

गॅलिव्हाँट हा घरातल्या मोठ्यांचा शब्द. ‘इतका वेळ कुठे उंडारत होतास?’ याला इतकं चपखल इंग्रजी दुसरं नाही. मात्र तो जरा जुनाट आणि थोडा मिश्किल आहे, म्हणून आजीच्या तोंडी शोभतो, नोटिशीत नाही.

स्ट्रे म्हणजे जिथे असायला हवं तिथून सरकलेलं. भटकं कुत्रं स्ट्रे, वर्गणीच्या हिशेबात न जुळणारा एखादा आकडा स्ट्रे, दंगलीत भलत्याला लागलेली गोळी स्ट्रे. ‘वाट सोडली’ असं मराठीत नैतिक अर्थानं म्हणतो, तसं ‘स्ट्रेड’ म्हटलं की नवरा-बायकोतली बाहेरख्याली सुचवली जाते. मित्राच्या लग्नाबद्दल लिहिताना काळजी घ्या.

आणि ड्रिफ्ट. प्रवाहाबरोबर, स्वतः काही न करता जाणं. मराठीत ‘वाहवत गेला’ हे वाया गेल्याचं लक्षण. ड्रिफ्ट त्यामानानं मऊ आहे. ‘आय ड्रिफ्टेड इंटू टीचिंग’ म्हणजे ठरवलं नव्हतं, होत गेलं. गप्पांत गोड वाटतं. नोकरीच्या अर्जात लिहू नका.

सहावी पायरी: माणसाला नाव देताना

फिरण्याच्या क्रियापदात चूक झाली तर हसू होतं. फिरणाऱ्याच्या नावात झाली तर अपमान होतो.

व्हॅगाबाँड आणि व्हेग्रंट हे दोन्ही शब्द कायद्याच्या पुस्तकातून आलेले आहेत. इंग्लंडच्या 1824 च्या व्हेग्रन्सी ॲक्टनं घरदार, उत्पन्नाचं साधन नसलेल्या, उघड्यावर झोपणाऱ्या, भीक मागणाऱ्या माणसाला गुन्हेगारांच्या रांगेत बसवलं. पुढे व्हॅगाबाँडवर कवींनी आणि सिनेमावाल्यांनी इतकं प्रेम केलं की आज तो शब्द कपड्यांच्या दुकानाला आणि कॅफेलाही देतात. व्हेग्रंटच्या वाट्याला ते आलं नाही. तो अजून पोलिसांच्याच भाषेत आहे. ट्रॅम्प म्हणजे पायी फिरणारा बेघर, हेटाळणीचा सूर असलेला. होबो अमेरिकेतला: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मालगाड्यांतून लपून प्रवास करत गावोगाव मजुरी करणारा. आयटिनरंट हा कोरडा, आदरानं वापरता येणारा शब्द. गावोगाव जाऊन काम करणारा, मग तो कल्हईवाला असो की न्यायाधीश. रोव्हर पूर्वी समुद्री चाच्यांसाठीही वापरत. ऑगस्ट 2023 मध्ये प्रज्ञान हे भारताचं यान चंद्रावर फिरलं तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ‘रोव्हर’ हा शब्द जसाच्या तसा घेतला, आणि ते बरं केलं.

महाराष्ट्राच्या बाबतीत सगळ्यात जपायची जागा म्हणजे ‘भटक्या विमुक्त जमाती’. ब्रिटिश सरकारनं 1871 मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. काहींना तारांच्या कुंपणात वसवलं. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव त्यातूनच आलेलं आहे. एका जागी न राहणारा माणूस म्हणजे संशयित, ही इंग्लंडच्या व्हेग्रन्सी कायद्यातली नजर इथे जमातीच्या जमातींवर रोखली गेली. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि ज्यांची नावं त्यातून वगळली गेली ते ‘विमुक्त’.

म्हणून याचं इंग्रजी ‘नोमॅडिक अँड डीनोटिफाइड ट्राइब्ज’ असंच करायचं. ‘वॉन्डरिंग ट्राइब्ज’ ब्रिटिशकालीन कागदपत्रांत सापडेल, पण तो उचलू नका, कारण त्यात ‘हे लोक उगाच फिरतात’ असं गृहीत आहे. आणि व्हेग्रंट तर अजिबात नको. मग आपण तीच नजर उसनी घेतो. धनगरांची मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर कोकणाकडे उतरणारी आणि पावसाळ्याआधी घाटावर परतणारी कुटुंबं घ्या. त्यांची वाट, मुक्कामाची शेतं, शेतकऱ्यांशी खताचा व्यवहार, सगळं ठरलेलं. याला ‘पॅस्टोरल नोमॅड्स’ म्हणतात, आणि त्यांच्या हंगामी जाण्यायेण्याला ‘मायग्रेट’ हे क्रियापद बरोबर बसतं. वॉन्डर बसत नाही, कारण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘हो, ठरलेलं होतं’ असं आहे.

अलीकडे लॅपटॉप घेऊन गोव्यात राहणारे स्वतःला ‘डिजिटल नोमॅड’ म्हणवतात. शब्दाला हरकत नाही, पण एकाच लेखात धनगर आणि हे, दोघांनाही नुसतं ‘नोमॅड्स’ म्हटलं तर वाचक गोंधळेल.

सातवी पायरी: पाय नसलेल्या गोष्टी

मन वॉन्डर करतं, म्हणजे भरकटतं. नजर रोव्ह करते. ‘रोव्हिंग आय’ म्हटलं की माणूस बायकांकडे बघत असतो. बोलणं रॅम्बल करतं तेव्हा ते चऱ्हाट असतं, आणि भाषणाच्या अभिप्रायात हा शब्द आला तर ती तक्रार आहे. मीअँडर त्याच जागी बराच सौम्य: वळणं घेत गेलं, पण ऐकायला कंटाळा नाही आला.

मीअँडर ही खरी एक नदी आहे. पश्चिम तुर्कस्तानातून वाहत जाऊन एजियन समुद्राला मिळणाऱ्या मेंदेरेस नदीचं जुनं ग्रीक नाव मायान्द्रोस, तिच्या वळणांवरून शब्द झाला. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘नागमोडी वळण’ शिकलो ते हेच. भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा झाली. तिकडे नदीच्या नावाचा शब्द झाला, इथे वळणानं नदीला नाव दिलं.

लॅटिनमध्ये ‘एरारे’ म्हणजे भटकणं, त्यातून इंग्रजीचा एरर आला. आपल्याकडे ‘भ्रम्’ या एकाच धातूतून भ्रमण आणि भ्रम दोन्ही निघाले. आणि प्लॅनेटचा मूळ ग्रीक अर्थ भटक्या, कारण बाकीचे तारे आपापल्या जागा धरून असताना हे मधूनच सरकत राहायचे. हे माहीत नसलं तरी काही अडत नाही, पण एकदा कळलं की विसरत नाही.

आठवी पायरी: पडताळा कसा घ्यायचा

इंग्रजी-मराठी कोशावर थांबू नका. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, त्यात वाक्यं असतात, ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डचा कोश पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी वापरला जातो, आणि आता तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. शब्दाचा अर्थ वाचण्याआधी उदाहरणातला कर्ता बघा. कोण फिरतंय? लांडगे आणि टोळ्या असतील तर आपली मावशी तिथे घालू नका. मग पुढचा छोटा शब्द बघा, अराउंड, ऑफ, अलाँग. संशय उरलाच तर कॉर्पस बघायचा, म्हणजे खऱ्या लिखाणातल्या वाक्यांचा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये असे दहा कोटी शब्द आहेत. त्यात ‘लॉयटर’ शोधा आणि आजूबाजूला काय काय येतं ते पाच मिनिटं वाचा. उलट्या दिशेनं जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. त्याचं इंग्रजी जुनं झालंय, पण मराठी शब्दांच्या छटा त्यानं बारकाईनं टिपल्यात.

आता सरावाला एक उतारा, पुण्यातल्या रविवारचा:

‘सकाळी बाबा तळजाईवर फेरफटका मारून आले. आई आणि मावशीनं साडीसाठी लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं पालथी घातली, मी पिशव्या घेऊन मागे फरपटत होतो. तुळशीबागेत धाकटा हात सोडून कुठेतरी गेला, दहा मिनिटांनी बांगड्यांच्या दुकानात सापडला. दुपारी मी एकटाच पेठेतल्या बोळांतून हिंडलो. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या पोरांकडे बघून आजोबा म्हणाले, कामधंदा नाही, नुसते उंडारतात.’

बाबांना स्ट्रोल द्या. पण ते रोज ठराविक वेगात चार फेऱ्या मारणाऱ्यांतले असतील तर ‘मॉर्निंग वॉक’ जास्त खरं. दुकानं पालथी घालण्याला फिरण्याचा शब्द नकोच, ‘वेंट थ्रू एव्हरी शॉप’ म्हणा. फरपटणाऱ्यासाठी ट्रेप्स. धाकटा वॉन्डर्ड ऑफ. बोळांतलं हिंडणं म्हणजे ‘वॉन्डर्ड थ्रू द लेन्स’. बोळ अरुंद आहेत, रोम इथे अवघडून बसेल.

राहिले आजोबा. उंडारणं म्हणजे गॅलिव्हाँट असं आपण वर ठरवलं, पण पोरं बसलेली आहेत आणि गॅलिव्हाँट करायला हिंडावं लागतं. ‘लोफिंग अबाउट’ इथे बसतं, राग तोच आणि बूडही जागेवर. लॉयटरिंगही व्याकरणाला चालेल, पण मग आजोबा पोलीस चौकीत फोन लावायला निघाले आहेत असं वाटेल.